सहाव्या गाडीचा बोल्ट

लग्नाच्या दिवशी सकाळी मी पूर्वजांच्या फळीपुढे उदबत्ती घेऊन उभा होतो आणि आजोबांना सांगत होतो, की आजचा दिवस तेवढा सांभाळा. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आजोबा इतक्या तातडीने उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हते, म्हणून मी फोन उचलला. मामा होता.

तो म्हणाला, काही विशेष नाही, जरा गॅरेजवर येऊन जा, आणि आईला सांगू नकोस.

मामाचं ‘काही विशेष नाही’ मला चांगलं माहीत आहे. मागच्या वादळात तो हेच म्हणाला होता आणि मी जाऊन बघतो तर गॅरेजच्या छपरावर कुणाची तरी स्कूटर होती. स्टँडवर उभी.

उदबत्ती खोचली. सूट अंगात होताच. आईला म्हटलं, केस ठीक करून येतो, आणि निघालो. दारात पाच गाड्या लाल फिती बांधून ओळीने उभ्या होत्या, चालक मंडळी सोयाबीनचं दूध पीत कालच्या बेसबॉलवर भांडत होती. सहावी गाडी मामाची. ती दिसत नव्हती.

सहावी का महत्त्वाची, ते सांगायला हवं. नवरीच्या, म्हणजे युझेनच्या, आईचं दोउल्यू गावात उदबत्त्यांचं आणि पूजेच्या सोनेरी कागदाचं दुकान आहे. इतरांना शेजाऱ्यांच्या भानगडी जितक्या पाठ असतात तितक्या तिला रीतीभाती पाठ आहेत. तिच्या अटी साध्या होत्या. वरात सहा गाड्यांची. पाच म्हणजे विषम, जोडी मोडणारा आकडा; आणि चारचा उच्चार मरणासारखा, त्याचं तर नावच काढायचं नाही. व्याघ्रवर्षात जन्मलेला माणूस वरातीत नको, वाघ जोडप्याचं सुख खातो. आणि सापाचा प्रहर संपायच्या आत, म्हणजे सकाळी अकराच्या आत, मुलगी घराबाहेर पडली पाहिजे. प्रहर चुकला तर पंचांग पुन्हा उघडावं लागेल, आणि आम्हा दोघांच्या जन्मवेळा अशा काही विचित्र, की पुढचं नवं वर्ष उलटून जाईपर्यंत दुसरा दिवस नाही. तोवर कोण कुठे असेल कुणी सांगावं, असं ती कलिंगडाच्या बिया दातांनी सोलत म्हणाली होती. एक बँकेतला मुलगा तिला आधीच पसंत होता. कोण कुठे असेल हे तिला नक्की माहीत होतं.

मामाला हे सगळं तिच्याहून जास्त पटत होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नात सहा गाड्या ठरल्या होत्या, पण एक मासेवाला मित्र प्रेमाने आपला टेम्पो घेऊन मागे लागला आणि सात झाल्या. मामी तीन वर्षांनी ताइचुंगला बहिणीकडे गेली ती आलीच नाही. मामा जुगार खेळायचा, रात्री घोरायचा आणि वाढदिवस विसरायचा, पण त्याच्या मते कारण तो टेम्पो.

गॅरेज बाजाराच्या मागे, रस्त्याच्या कडेला. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला शटर. वडील गेल्यापासून मी तिथेच वाढलो, तिथेच शिकलो. शटर अर्धं वर होतं. मामा नव्या सुटात उभा होता, छातीवर ‘वरमामा’ असं लिहिलेलं लाल फूल. आपल्याकडे लग्नात वराच्या मामापेक्षा मोठा माणूस नसतो. तो मुख्य टेबलावर बसल्याशिवाय जेवणाची पहिली थाळीसुद्धा बाहेर येत नाही. असा हा माणूस उघड्या बॉनेटपुढे उभा होता आणि त्याच्या तळहातावर एका बोल्टचं डोकं होतं. मेलेली चिमणी दाखवावी तसं त्याने ते मला दाखवलं.

“हल्लीचे बोल्ट,” तो म्हणाला.

हकीकत अशी, की पहाटे त्याला गाडीखाली, इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याचे थेंब दिसले. थर्मोस्टॅटच्या झाकणातून गळत होतं. अशी गळकी गाडी भाच्याच्या वरातीत कशी न्यायची? म्हणून त्याने सूट घालूनच झाकणाखालचं पॅकिंग बदललं. काम सोपं. झाकणाला दोन बोल्ट, दोन्ही बोटाएवढे, ॲल्युमिनियममध्ये बसणारे. त्यातल्या एकाचं डोकं त्याच्या हातात होतं आणि बाकीचा भोकात. दुसऱ्याला मी बोटाने फिरवलं. तो फिरला. उलटा फिरवला, तेव्हाही फिरला. बाहेर ओढला तर त्याच्याबरोबर चांदीच्या केसांसारखी ॲल्युमिनियमची लोकर आली. भोकातले आटे संपले होते.

बोल्ट किती जोराने आवळायचा ते ज्याच्यावर लावून ठेवतात, तो टॉर्क पाना मी उचलून बघितला. काटा अठरावर होता. या बोल्टना चौदा लागतं, हे मला मामानेच शिकवलेलं. तेही डोक्यात टपली मारून.

मी विचारलं, अठरा का. मामाने बॉनेटवरच्या लाल फितीकडे बघितलं. लग्नाच्या गाडीत चौदा? चार असलेला आकडा? आठ म्हणजे भरभराट, म्हणून त्याने पुढचा आठ असलेला धरला. आणि प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला.

“दोनदा कशाला?”

“अरे, लग्न आहे,” मामा मला समजावत म्हणाला. “शुभ गोष्ट जोडीनं करायची असते.”

पहिला बोल्ट दुसऱ्यांदा आवळताना तुटला. ठरलेला जोर आला की पाना ‘टक’ करतो; दुसऱ्या बोल्टने ते होऊच दिलं नाही, नुसता फिरत राहिला. मामाला वाटलं, हा बरा समजूतदार आहे.

इतक्यात लिआओ मावशी स्कूटरवरून उतरल्या. आमचं लग्न यांनीच जुळवलेलं, त्यामुळे त्या दोन्हीकडच्या होत्या आणि दोन्हीकडच्यांना त्यांची भीती वाटायची. अंगात लाल जाकीट, केसांत लाल फूल, हातात पंचांग. माझ्या आईने त्यांना पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, बाई म्हणतात पोराला केसच नाहीत इतके की ते ठीक करायला जावं लागेल, बघून या.

त्यांना सांगितलं. त्यांनी एकदा इंजिनकडे, एकदा मामाकडे बघितलं आणि म्हणाल्या, दुसरी गाडी आणा.

मी फोन लावत सुटलो. दिवस इतका चांगला होता, की आमच्या पुत्झूमधल्या ज्याला ज्याला मुलगी होती तो तो लग्न लावत होता. टॅक्स्यांनासुद्धा फिती बांधलेल्या. शेवटी टायरवाला शेजारी आनंदाने तयार झाला, पण तो निघाला व्याघ्रवर्षातला. तो म्हणाला, मी मागच्या डिकीत बसतो, चालवायला कुणीतरी घ्या. मावशी म्हणाल्या, डिकीतला वाघ वाघच असतो. मग उरली ती मयताच्या कंपनीची लांब काळी गाडी. धुतलेली होती आणि चालकही मोकळा होता. मावशींनी पंचांग मिटलं, आणि मीच फोन ठेवला. मी विचारलं, मग दोनच गाड्या नेल्या तर? दोन सम आहे. मावशी म्हणाल्या, दोन गाड्यांत लोक भाजी आणायला जातात.

म्हणजे बोल्टच उरला.

कोट काढून मी आरशाला अडकवला. मावशींनी जेवणाच्या टेबलांसाठी आणलेला लाल प्लॅस्टिकचा कागद माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि पाठीमागे गाठ मारली. मी न्हाव्याकडे बसल्यासारखा दिसत होतो. आईला मी अगदीच खोटं बोललो नव्हतो.

आधी थर्मोस्टॅटच्या तोंडात फडकं कोंबलं, कीस आत जायला नको. मग तुटलेल्या बोल्टकडे बघितलं. तो भोकाच्या जरा आत, तिरका तुटलेला. मामाने लगेच डब्यातून उलट्या आट्यांची खुंटी काढली. बोल्टला भोक पाडायचं, ही खुंटी ठोकायची आणि उलटी फिरवायची. मी नाही म्हटलं. ती खुंटी कडक पोलादाची असते. बोल्ट असा बारीक असला की ती आत तुटते, आणि मग तिला ड्रिलसुद्धा लागत नाही. बोल्टमध्ये खुंटी अडकणार आणि खुंटीत माझं लग्न.

“मी तीस वर्षं खुंटीच वापरतोय,” मामा म्हणाला.

“आणि टॉर्क पाना?”

मामाने खुंटी परत डब्यात टाकली. मला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मावशींनी दर थोड्या वेळाने प्रहर किती उरला ते सांगायला सुरुवात केली होती. त्या आकडा सांगत नव्हत्या. फक्त सुस्कारा सोडत होत्या, आणि प्रत्येक सुस्कारा आधीच्याहून लांब होता.

बोल्ट गंजून अडकला असता तर गोष्ट वेगळी. हा जास्त आवळून तुटला होता. डोकं उडालं की उरलेल्या तुकड्यावरचा ताण संपतो. तो भोकात नुसता बसून असतो, जेवण झालेल्या पाहुण्यासारखा. त्याला फक्त कुणीतरी उठ म्हणावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे उलट्या बाजूने कापणारं ड्रिलचं पातं आहे. ते उलटं फिरतं, कापता कापता बोल्टमध्ये रुततं, आणि रुतलं की बोल्टच फिरून वर येतो. हे सगळं मी मावशींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंड बंद ठेव आणि हात चालव.

पंच ठेवून खूण केली. खूण मध्याला बसली नाही; तिरक्या तुटलेल्या तोंडावरून टोक घसरलं. तिरकं ठोकून ती पुन्हा मध्यावर ओढली. एरवी हे काम मी गाणी म्हणत करतो. आज एकही गाणं सुचलं नाही. मामाने मागून माझ्या कोपराला हात लावला आणि तसाच धरून ठेवला. ड्रिल सुरू केलं.

तेव्हाच फोन वाजला. मावशींनी तो माझ्या कानाला लावला. युझेन होती. पहाटेपासून तिचा मेकअप चालू होता. खाल्लं तर ओठांचा रंग जाईल म्हणून तिला काही खायला देत नव्हते, आणि तिची आई उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. तिने विचारलं, कुठपर्यंत आलात. मी म्हटलं, मध्यापर्यंत. ते खरंच होतं. तिने विचारलं, हा आवाज कसला. मी म्हटलं, रस्त्याचं काम चाललंय.

“आ-हान,” ती हळूच म्हणाली, “आई मघापासून बँकवाल्याच्या आईशी फोनवर बोलतेय. सहज म्हणून.”

पातं किंचाळलं. मग आवाज बदलला. पातं रुतलं, क्षणभर अडलं, आणि बोल्टचा तुकडा त्याच्या टोकाला चिकटून गरगरत वर आला. मामाने तोंडातल्या तोंडात माझ्या आजोबांचं नाव घेतलं. मावशींनी सुस्कारा सोडला, पण हा आखूड होता. मी युझेनला म्हटलं, रस्ता मोकळा झाला. आणि फोन ठेवायला सांगितला, कारण अजून दुसरं भोक होतं.

तुटलेला बोल्ट भीती जास्त घालतो, पण गेलेले आटे जास्त वेळ खातात. तिथे काढायला काही नसतं. नसलेली गोष्ट तयार करावी लागते. भोक थोडं मोठं करायचं, मोठ्या टॅपने त्यात नवे आटे पाडायचे, आणि त्या आट्यांत स्टीलची एक बारीक स्प्रिंग फिरवत बसवायची. स्प्रिंगची आतली बाजू म्हणजे बोल्टचे मूळ मापाचे आटे. मूळ आट्यांपेक्षा मजबूत. डबा उघडला तर सगळ्या मापांच्या स्प्रिंगा भरपूर होत्या आणि या मापाची एकच. मामा म्हणाला, एक म्हणजे विषम. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

टॅप सरळ उभा राहतो की नाही ते मावशी समोरून डोळा बारीक करून बघत होत्या. नवऱ्यामुलाच्या आणि नवरीच्या जन्मपत्रिका बघायची सवय. त्यांना तिरकं लगेच दिसायचं. डावीकडे झुकलाय, म्हणाल्या. खरंच झुकला होता. एक फेरा पुढे, अर्धा मागे, कीस झटकायचा, पुन्हा एक पुढे. घाई केली की टॅपही तुटतो, आणि मग मयताच्या गाडीला फोन करण्यावाचून गत नाही. माझा घाम नाकाच्या शेंड्यावरून लाल प्लॅस्टिकवर पडत होता आणि त्याचा टप टप आवाज येत होता. मामा शटरपासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून शटरपर्यंत फेऱ्या मारत होता. घरून आईचे फोन येत होते. मावशी दरवेळी सांगत होत्या, केस छान होतायत.

स्प्रिंग बसली. तिच्या तळाशी एक छोटी जीभ असते, ती बसवताना पकडायला. काम झालं की खिळ्याने ठोकून मोडायची. ती मोडली आणि भोकाच्या तळाशी पडली. स्टीलची, पण चुंबकाला न चिकटणारी जात. मावशींनी केसांतलं फूल काढलं, त्याची काडी ग्रीसमध्ये बुडवली आणि माझ्या हातात दिली. जीभ काडीला चिकटून आली. मावशींनी काडी पुसली आणि फूल परत केसांत खोचलं. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत त्यांच्या कानामागे ग्रीस आहे.

नवं पॅकिंग, झाकण, दोन नवे बोल्ट. हाताने फिरवले तर दोन्ही लोण्यात जावेत तसे गेले. मी टॉर्क पाना उचलला आणि काटा खाली आणायला लागलो. सतरा. सोळा.

“सोळावर थांब,” मामा म्हणाला.

“चौदा लागतं.”

“मग बारा कर. बारा चांगलं असतं. बारा महिने, बारा राशी.”

मी म्हटलं, बारावर वाटेत गळेल. तो म्हणाला, चौदावर आयुष्यभर गळेल. मी म्हटलं, मामा, तूच शिकवलंस. तो म्हणाला, ते गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी शिकवलं होतं. त्याने हात पुढे केला. त्या दिवशी त्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. त्याच्या छातीवर फूल होतं. तो रुसून घरी गेला असता तर ना जेवण सुरू झालं असतं, ना लग्न पुरं झालं असतं. पण त्याच्या हाताकडे बघताना मला त्या हातावरचं बोल्टचं डोकं दिसत होतं.

“मामा, पाना मी धरणार,” मी म्हटलं.

त्याने पुढे केलेला हात आवरला. मग वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, टायरच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरपुढे, हात मागे बांधून.

“मी बघितलं नाही,” तो भिंतीला म्हणाला.

चौदा. टक. दुसरा, चौदा. टक. एकेकदाच.

हिरवं पाणी भरलं. गाडी सुरू केली. आता इंजिन तापून आतली हवा बाहेर पडेपर्यंत थांबणं आलं. तिघंही पाण्याच्या तोंडावर वाकून बुडबुडे बघत होतो. एक आला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन एकदम. मावशी म्हणाल्या, याला लवकर बुडबुडायला सांगा. शेवटी पंखा फिरला, पाणी खाली गेलं, मी भर घालून झाकण लावलं. खाली कागद पसरला होता, तो कोरडा. मी प्लॅस्टिक फाडून टाकलं, कोट चढवला, मामा स्टिअरिंगवर बसला, आणि त्याने मागे जायचा गिअर टाकला.

“थांबा,” लिआओ मावशी म्हणाल्या.

गाडी शटरमधून तोंड आत करून घातलेली होती. बाहेर काढायची तर मागे न्यायला हवी. आणि वरातीची गाडी मागे जात नाही. घेतलेला रस्ता परत घ्यायचा नाही, लग्न माघारी फिरतं. हे मला माहीत होतं, मामाला माहीत होतं, पहाटे गाडी आत घालतानाही माहीत होतं.

मी म्हटलं, ही अजून वरातीत आली कुठे? मावशींनी फितीकडे बोट दाखवलं. फीत बांधली, उदबत्ती ओवाळली, झाली वरातीची. मी म्हटलं, फीत सोडू या. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी युझेनला घटस्फोटाचे कागद पाठवू या म्हणालो होतो. ढकलली तर? मागेच जाणार. जॅकवर उचलून फिरवली तर? जागा नव्हती. मावशींनी सुस्कारा सोडला. तो संपायला इतका वेळ लागला, की मी मध्ये एकदा घड्याळ बघून घेतलं.

मामा गाडीतून उतरला. गाडीच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीकडे गेला आणि तिच्यावर हात ठेवला. मग ड्रिल मागितलं.

पत्रा वर-खाली स्क्रूंनी धरलेला होता, आणि स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजून पत्र्याशी एकजीव झाले होते. काही फिरले. बाकीच्यांची डोकी मामाने सरळ ड्रिलने उडवली, सुटातच, शिडीवर चढून. त्या सकाळी पहिल्यांदाच त्याच्या हातून काही तुटत होतं आणि कुणालाच वाईट वाटत नव्हतं. पत्रा कण्हत पलीकडे आडवा झाला.

पलीकडे शेजारच्या आजींची बदकं होती. आजी खुराड्यापाशी दाणे टाकत होत्या. त्यांनी पडलेल्या भिंतीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, फितीकडे बघितलं आणि विचारलं, कुणाचं लग्न. मी म्हटलं, माझं. त्या म्हणाल्या, मग जा, पण त्या कोपऱ्यात एक अंड्यावर बसलीये, तिकडून नको.

गाडी सरळ पुढे गेली. गॅरेजमधून बदकांत, बदकांतून चिखलात, चिखलातून आजींच्या फाटकातून रस्त्यावर. एकदाही मागे नाही. मागच्या खिडकीतून मावशी बदकांना शुभेच्छांच्या थाटात हात हलवत होत्या.

घरापाशी फटाके लागले आणि सहाच्या सहा गाड्या निघाल्या. मी दुसऱ्या गाडीत. रस्ताभर आरशात शेवटच्या, मामाच्या करड्या गाडीकडे बघत होतो, बॉनेटमधून वाफ येते का. आली की नाही हे कळेना, कारण आरशावर लाल कागद चिकटवला होता. दोउल्यूच्या अलीकडच्या सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा लाल रंगाचा राग आला.

सासूबाई उंबऱ्यात होत्या. हातात पंचांग, त्यात बोट. त्यांनी गाड्या मोजल्या. बोट हवेत सहा वेळा थांबलं. मग त्या पायऱ्या उतरून सहाव्या गाडीपाशी आल्या. चाकांना चिखल होता. वायपरखाली बदकाचं पीस होतं. मग त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. नखांतलं काळं काही गेलं नव्हतं.

मी वाटेत ‘पंक्चर’ असं ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि त्याआधी मामा बोलला. वरमामाला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. लोक त्याला उत्तरं देतात. पण तो गाडीतून उतरला, फूल सरळ केलं आणि म्हणाला, “बोल्ट मी तोडला. चौदावर आवळायचा तो अठरावर आवळला, दोनदा. दुसऱ्याचे आटेही मीच घालवले. पोराने ते परत आणले.”

चालकसुद्धा सुपारी चघळायचे थांबले. सासूबाईंनी मामाकडे निरखून बघितलं.

“लग्नाच्या गाडीत चौदा?” त्या म्हणाल्या. “बरोबर केलंत तुम्ही.”

मामाच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी स्कूटर छपरावरून खाली आली तेव्हाही बघितला नव्हता. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या.

“आणि तू परत बसवला तो कितीवर?”

मामाने लगेच समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. लिआओ मावशी पंचांगात काहीतरी शोधायला लागल्या. मला सोळा म्हणता आलं असतं. अठराही म्हणता आलं असतं, आणि मग ही बाई मला कायम माझ्या मामाइतका शहाणा समजली असती. पण वरच्या खिडकीत युझेन उभी होती, आणि तिला मी सकाळपासून दोनदा रस्त्याबद्दल सांगितलं होतं.

“चौदावर,” मी म्हटलं.

सासूबाईंनी पंचांग मावशींच्या हातात दिलं, रेशमी झगा गुडघ्यांत धरला, आणि सगळ्या गल्लीसमोर वाकून गाडीखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात घालून खालचा दगड चाचपला आणि बोटं वर आणून पाहिली. कोरडी होती.

“गळत नाहीये,” त्या म्हणाल्या. स्वरात तक्रार होती.

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. वरून युझेनने हाक मारली, आई, मला भूक लागलीये, प्रहर संपला तर मी खाऊन घेणार. सासूबाई उठल्या. त्या म्हणाल्या, आत ये, आणि आधी हात धू, तिच्या झग्याला लावशील.

युझेन बाहेर पडली तेव्हा प्रहर संपायला काय उरलं होतं ते मावशींनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. नजर लागू नये म्हणून तिच्या डोक्यावर चाळण धरली होती. ती गाडीत बसली, माहेरचे हट्ट मागे राहावेत म्हणून खिडकीतून पंखा टाकला, ओतलेलं पाणी परत येत नाही म्हणून सासूबाईंनी मागून पाणी ओतलं आणि तोंड फिरवलं. आम्ही दुसऱ्या रस्त्याने निघालो, आलो त्या रस्त्याने नाही.

मावशींनी तिच्या बाहीत एक शेंगदाण्याची वडी सरकवली होती. युझेन ती ओठांना न लावता खात होती, हे बघण्यासारखं होतं, पण मी बघत नव्हतो. मी मागच्या काचेतून गाड्या मोजत होतो. मागे चार. पुढे एक. पाच. मी पुन्हा मोजल्या. पाच. मी चालकाला ओरडून म्हटलं, गाडी थांबव, मामा मागे राहिला. चालक म्हणाला, वरातीची गाडी थांबवत नाहीत. मी म्हटलं, मग हळू कर. मी दार धरलं.

युझेनने माझी बाही ओढली. तिने वडी गिळली, एकेक गाडी बोटाने दाखवत शांतपणे मोजली, आणि मग तेच बोट आम्ही बसलो होतो त्या सीटवर टेकवलं.

“आणि ही कुणी मोजायची?”

मी दार सोडलं. शेवटची, चौथी करडी गाडी तेवढ्यात वळणावर नीट दिसली, बदकाचं पीस अजून वायपरखाली फडफडत होतं आणि मामा आत बसून आरशात फूल सरळ करत होता. मी म्हटलं, सहा आहेत. युझेन म्हणाली, हो. थोडं पुढे गेल्यावर मी अजून एकदा मोजल्या.